चपला धुऱ्यावर

बाईंच्या वावरात चपला घालून जायची सोय नव्हती. वावर म्हणजे शेत आणि धुरा म्हणजे शेताचा बांध, एवढं आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला सांगून टाकते. रामाकोन्याहून सौंसरकडे येताना रस्त्याला लागूनच ते एक एकर होतं. कडुनिंबाला पत्र्याची पाटी ठोकलेली आणि तिच्यावर बाईंनी स्वतःच्या हातानं, पहिलीच्या पुस्तकातल्यासारख्या गोल अक्षरांत लिहिलेलं: 'चपला व घमेंड धुऱ्यावर काढून ठेवावी.' सरपंच आले, त्यांनी चपला काढल्या. बँकेचे साहेब आले, त्यांनी बूट काढले आणि मोज्यांवर चालायला लागले, तर बाई मागून ओरडल्या, "साहेब, मोजे काय तुमची कातडी आहे का?" मोजेही निघाले. साहेबांचे गोरेपान पाय काळ्या मातीत रुतले आणि ते लहान पोरासारखे हसायला लागले. एकानं एकदा विचारलं होतं, "बाई, चपला तं काढल्या, घमेंड कशी काढू?" बाई म्हणाल्या, "एक काटा रुतू दे, आपोआप निंगते."

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. रासायनिक खतं आणि औषधं न वापरता शेती कशी करायची, हे लोकांना दाखवायचं काम एका संस्थेनं मला दिलं होतं. नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं. त्यासाठी रस्त्याकाठचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल असा एखादा तुकडा हवा होता. घर पांढुर्ण्याला, तिथून बसनं सौंसर, पुढे मिळेल त्या ऑटोनं गावोगाव, असं माझं चालू होतं. लोक संत्र्याच्या बगिच्यात खाट टाकून बसवत, चहा पाजत, निघताना ओटीत संत्री घालत आणि म्हणत, "म्याडम, तुमचं सारं बराबर आहे, पन आमच्या वावरात नोको." संत्री खाऊन खाऊन मला खोकला झाला, तुकडा काही मिळेना. शेवटी एक ऑटोवाला म्हणाला, "त्या रिटायर मास्तरीनबाईकडं जाऊन पाहा. तिले उलट्या कामाचा लय शौक आहे."

बाई कडुनिंबाखाली बसून एरंडीच्या बिया सोलत होत्या. पासष्टीच्या आसपासचं वय, पांढरी सुती साडी, डोळ्यांवर जाड चष्मा आणि गळ्यात, खरं सांगते, पीटीच्या तासाची शिट्टी. मी "जय भीम" म्हटलं, माझं काम सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेराचा पाढा येते?"

मी बी.एस्सी. झालेली. तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत धडाक्यात गेले आणि तिथे जी अडकले ती अडकलेच.

"मंग तू शेती कशी शिकवून राहिली, पोरी?" बाईंनी खरोखरच्या काळजीनं विचारलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "माहं वावर घे. पन माह्या कायद्यानं."

पाढ्यांचं प्रकरण नंतर कळलं. जीवामृताचा ड्रम, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि झाडाखालची मूठभर माती पाण्यात कालवलेली, रोज सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळावा लागतो. किती वेळ ढवळायचा हे लोकांना सांगून समजत नाही. कोणी दोन फेरे मारून मोकळा होतो, कोणी बोलत बसतो. बाईंचा हिशोब असा, की अकरापासून पंधरापर्यंतचे पाढे मोठ्यानं म्हणायचे, संपले की काठी काढायची. "घड्याळ बंद पडते, मोबाइलची बॅटरी जाते. पाढा कुठं जाते?" ज्याचा पाढा चुकेल त्यानं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे त्यांच्या वावरातला ड्रम नेहमी गरजेपेक्षा जास्तच ढवळलेला असे. सत्तर वर्षांचे आजोबा काठी फिरवत, घाम पुसत "तेरा पाचे पासष्ट" म्हणत आहेत आणि बाजूला त्यांची सून पदराआड हसून राहिली आहे, हे मी पाहिलं आहे. माझा तेराचा पाढा पहिल्याच आठवड्यात सुधारला.

वावरातला शेतीचा वर्ग शनिवारी भरायचा. शनिवारच का, तर त्या दिवशी छिंदवाड्याकडची माणसं त्याच रस्त्यानं जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जातात. बाई स्वतः कधी कोणत्या देवळाची पायरी चढल्या नाहीत, पण देवळाला जाणाऱ्या गाड्यांवर त्यांचा भारी डोळा. रस्त्यात मधोमध उभ्या राहून शिट्टी फुंकायच्या. ड्रायव्हरला वाटायचं पुढे अपघात झाला. गाडी थांबली की बाई खिडकीत डोकं घालून म्हणायच्या, "देवाले जाऊन राहिले ना? जा, जरूर जा. पन ज्या मातीचा नारळ घेऊन चालले, थे माती दोन मिनिटं पाहून जा." माणसं गोंधळून उतरत. नारळ-फुलं घेऊन, अनवाणी, वावरात ओळीनं उभी राहत. काही पोटं धरून हसत, काही खरंच पाहत. एकदा एका म्हातारीनं नारळ बाईंच्याच पायाशी फोडला, तेव्हा मात्र बाई चिडल्या आणि ते खोबरं सगळ्यांना वाटून टाकेपर्यंत पुढचा धडा सुरू केला नाही.

वर्ग सुरू होताना बाई पुस्तकी मराठीत बोलत. "आज आपण मृदा या विषयाचा अभ्यास करणार आहोत." दोन वाक्यांच्या पुढे हे टिकत नसे. माती हातात आली की गाडी घसरलीच. "अरे वास घे ना! नाकाले काय कुलूप लावलं? घे, आंगी भरून घे!" मुठीत एकीकडची माती, मग दुसरीकडची माती, दोन्हींचा वास घ्यायचा आणि सांगायचं. बाईंचा आपल्या नाकावर फार विश्वास होता. बियाणं असो, खत असो, माणूस असो, आधी वास. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या माझ्या अंगावर झुकल्या होत्या ते मला मायेनं वाटलं होतं. नंतर कळलं की मी सेंट मारते का ते तपासून राहिल्या होत्या.

आणि वर्गाआधी हजेरी. रजिस्टर वगैरे काही नाही, सगळी तोंडपाठ, गावाच्या नावानं. "रामाकोना?" "हजर!" "सौंसर?" "हजर!" "पांढुर्णा?" ते मी. गांडुळांचीही हजेरी व्हायची. कुदळीनं एक ढेकूळ उचलून उलटं करायचं आणि वळवळ दिसली की बाई स्वतःच बारीक आवाजात "हजर, बाई" म्हणायच्या. आणि सगळ्यात शेवटी धुऱ्याकडे तोंड करून, मोठ्यानं: "मागचा बाक?"

तिकडून उत्तर येत नसे. बाई थांबायच्या. आम्ही सगळे थांबायचो. मग त्या मान हलवायच्या आणि धडा सुरू व्हायचा.

मागचा बाक म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी. बाईंनी आख्ख्या नोकरीत एकच मुलगा नापास केला होता, हा. तो आता पंचेचाळिशीचा झाला होता, शेजारच्या वावराचा मालक होता आणि रासायनिक शेतीत त्या पट्ट्यात त्याचा हात धरणारा नव्हता. त्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाहायला लोक वाकडी वाट करून येत. कोणत्या किडीला कोणती दवाई हे दुकानदार त्याला विचारत. माणूस अबोल, काम चोख. बाईंसमोर मान खाली घालायचा, पण बाईंच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही हे त्याचं ठरलेलं होतं. "एकदा बसलो होतो बाईच्या वर्गात," तो मला म्हणाला होता, "आता काही बसत नाई."

आणि बाईंनी काय करावं? आपल्या एकराचे दोन भाग केले, मधे झेंडूची ओळ लावली, आणि अर्धा भाग त्यालाच दिला. "तू तुह्या पद्धतीनं कर. खत टाक, दवाई मार, पाह्यजे थे कर. मी माह्या पद्धतीनं करतो. कोनता अर्धा पायजे थे आधी तू निवड." त्यानं विहिरीजवळचा निवडला. मी बाईंच्या मागे लागले. म्हटलं, आपल्याला नैसर्गिक शेती दाखवायची आहे, तुम्ही त्या भागातल्या सगळ्यात हुशार माणसाला समोर का उभं करता? एखादा आळशी शेजारी घ्या, आपलं पीक कसं उठून दिसेल. बाई माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जशी मी कॉपी करताना सापडले. "ढ पोरासंग शर्यत लावून पहिला नंबर आनू? बिना पेपर सोडवता पास म्हननं माह्याच्यानं नाई होत."

एकच अट होती. त्या अर्ध्यातली फवारणी त्यानं स्वतः करायची, मजूर लावायचा नाही, आणि तोंडाला कपडा, हातात मोजे. बाई धुऱ्यावर उभ्या राहून तपासायच्या. मोजे काढलेले दिसले की शिट्टी.

याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, बस उशिरा होती म्हणून. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या वावरात मजूर होते. हंगामभर पाठीवर फवारणीचा पंप. एका वर्षी फवारता फवारता वावरातच पडले. जगले, पण हाताचा कंप गेला नाही. पुढे त्यांना कपातला चहा स्वतःच्या हातानं पिता आला नाही. "बापाले जिंदगीत स्वतःचं वावर नव्हतं," बाई म्हणाल्या. "हे एक एकर मी पगारातून घेतलं. आमच्या सात पिढ्यांतली पहिली जमीन. तिच्यात मी कायले थे ओतू?" एवढं बोलून त्या उठल्या आणि मला पिशवीभर चवळीच्या शेंगा तोडून दिल्या. मला त्या दिवशी त्या बाईचा इतका अभिमान वाटला, की पांढुर्णा येईपर्यंत मी बसमध्ये एकटीच शेंगा खात आणि डोळे पुसत बसले.

पहिल्या वर्षी बाई हरल्या. चांगल्याच हरल्या. शेवटची वेचणी झाल्यावर कडुनिंबाला तोलकाटा टांगून, गावासमोर दोन्ही अर्ध्यांचा कापूस मोजायचा असं ठरलं होतं; बाईंचं पारडं पाहून लोकांनी माना वळवल्या. दुसऱ्या वर्षी हरल्या, पण फरक निम्म्यावर आला. तेव्हा कुणीतरी गर्दीतून म्हटलं, "बाई, दरसाल हारसान अन् दरसाल शिकवसान, हे कसं?" बाईंना ते लागलं. तिथल्या तिथे त्यांनी सांगून टाकलं: "पुढच्या सालीबी मी हारली तं वर्ग बंद. आख्खं वावर याले बटईनं. हा म्हनन तसं पिकन. माही शिट्टी पेटीत."

बटई म्हणजे वाट्यानं कसायला देणं; मी कपाळावर हात मारला. संस्थेला काय सांगू, हे तर होतंच. पण शिट्टीशिवायच्या बाई मला डोळ्यांसमोर आणता येईनात.

आणि मग ते तिसरं वर्ष आलं! काय वर्ष होतं ते! बाईंच्या अर्ध्यात पाय टाकला की माती दबायची, पुरणासारखी मऊ. पऱ्हाटीच्या मधे चवळी, कडेला मका, एरंडी, त्यावर पक्षी, झेंडूवर मधमाश्या. झाडांना पात्या, म्हणजे बोंडाच्या कळ्या, अशा लागल्या की लोक मोजायला बसायचे आणि भांडायचे. जामसांवलीच्या गाड्या आता शिट्टीशिवाय थांबू लागल्या. सौंसरच्या हॉटेलात चहा पिताना दोन अनोळखी माणसं "बाई का मागचा बाक" यावर हमरीतुमरीवर आलेली मी स्वतः ऐकली. मी घरी जाऊन आईला रोज पऱ्हाटीची उंची हातानं दाखवायचे. आई म्हणायची, "तुह्या लग्नाची एवढी घाई केली असती तं बरं झालं असतं." मागचा बाकही आता येता-जाता झेंडूच्या ओळीपाशी थांबून पाहायचा. काही बोलायचा नाही. एवढ्यावरून मला खात्री झाली होती की यंदा बाई जिंकणार.

पोळ्यानंतर मोठी शिवारफेरी ठेवली होती. आजूबाजूच्या गावांतून शेतकरी पीक पाहायला येणार होते. पोळ्याला मी घरी गेले. आम्ही पांढुर्ण्याचे लोक, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दगडांची गोटमार. तेवढे दिवस कोणी गावाबाहेर पडत नाही. परत आले, ऑटोतून उतरले, चपला काढल्या आणि तिथेच उभी राहिले.

बाईंच्या पऱ्हाटीची पानं बदलली होती. पंजासारखं रुंद पान असतं कपाशीचं. ती अरुंद, लांब, चिरलेली झाली होती. शेंडे वाकडे. आमच्याकडे म्हणतात, पऱ्हाटीची भेंडी झाली. शेतीत राहिलेल्या कोणालाही त्याचा अर्थ कळतो: तणनाशक लागलं.

बाई धुऱ्यावर बसल्या होत्या. शिट्टी गळ्यात नव्हती, हातात होती.

झालं होतं ते असं. मी नसताना मावा, म्हणजे रस शोषणारी कीड, पडायला लागला. बाईंनी दशपर्णी अर्क, म्हणजे दहा झाडांचा पाला गोमूत्रात कुजवून केलेलं पाणी, फवारायला काढला. त्यांचा पंप सौंसरला दुरुस्तीला टाकलेला. पोळ्यामुळे दुकानं बंद. शिवारफेरी तोंडावर. मागच्या बाकाचा पंप कडुनिंबाला टांगलेला होता. "लागलं तं घेत जा, बाई" असं तो नेहमीच म्हणायचा. त्या पंपानं त्यानं धुऱ्यावरचं तण मारलं होतं. तणनाशकाचा पंप पऱ्हाटीला वापरायचा नसतो, वापरलाच तर पुन्हा पुन्हा धुवायचा असतो, हे बाई दर शनिवारी शिकवत. त्यांनी एकदा पाण्यानं खळबळला. आणि मग काय केलं असेल? नाकाला लावला. वास घेतला. सकाळपासून अर्काच्या ड्रमात वाकलेलं ते नाक, त्याला गोमूत्राशिवाय काय येणार? वास नाही म्हणजे पंप साफ. आख्ख्या अर्ध्यावर फवारून मोकळ्या झाल्या.

मागचा बाक आला तो जवळजवळ पळतच. त्याचा चेहरा बाईंपेक्षा उतरलेला. झेंडूच्या ओळीअलीकडेच थांबला. "बाई, पंप माहा होता. मी सांगाले पायजे होतं. हे साल मोजू नोका. शर्त पुढच्या सालीवर ढकला, मी कोनाले काही बोलत नाई."

"पेपर देताना शाई सांडली तं पेपर रद्द होते का?" बाई म्हणाल्या.

"पन चूक माही—"

"पंप तुहा होता. धुवाचा कोनाले होता?"

मी बाईंना म्हटलं, निदान शिवारफेरी पुढे ढकलू. नवी फूट येईल, थोडं सावरेल, लोकांना काय दाखवणार आपण आता? बाईंनी शिट्टी गळ्यात घातली. "दाखवाले वावर घेतलं ना तू? मंग जे आहे थे दाखव."

शिवारफेरीला माणसं आली, बैलगाड्या आल्या, ट्रॅक्टर आले. धुऱ्यावर चपलांची रांग रस्त्यापर्यंत गेली. पऱ्हाटी पाहून कुजबुज सुरू झाली. बाईंच्या वर्गात चुकेल त्यानं कान धरून उठाबशा काढायच्या, हा कायदा होता. सरपंचांनी काढल्या होत्या, मी काढल्या होत्या, बाईंच्या सख्ख्या बहिणीनं काढल्या होत्या. हजेरी झाली. "मागचा बाक?" झाला. तो धुऱ्यापलीकडे उभा होता, बोलला नाही. मग बाईंनी काय झालं ते सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. पदर खोचला, चष्मा काढून माझ्या हातात दिला, कान धरले आणि बसल्या.

गुडघ्यांचा आवाज पहिल्या ओळीतल्यांना ऐकू आला. लोक "नोको बाई, नोको" म्हणत पुढे झाले. बाईंनी थांबून शिट्टी फुंकली, त्यांना जागेवर बसवलं आणि उरलेल्या पूर्ण केल्या. कोणी हसलं नाही. मी चष्मा घट्ट धरून उभी होते आणि मला मोठमोठ्यानं रडावंसं वाटत होतं.

मग त्या धापा टाकतच सगळ्यांना आपल्या अर्ध्याच्या झेंडूकडच्या टोकाला घेऊन गेल्या. "इथून मी सुरू केलं. पहिला पंप. पाहा." तिथली झाडं पार वेडीवाकडी, शेंडे जळाल्यासारखे. "चला." पुढच्या ओळी जरा बऱ्या. "चला पुढं." आणखी बऱ्या. रस्त्याकडच्या टोकाला पोचलो तर पानं जवळजवळ नेहमीसारखी, हिरवी, रुंद. माणसं मागे वळून आख्ख्या अर्ध्याकडे पाहायला लागली. तिथवर चालून आलेल्या प्रत्येकाला ते दिसत होतं.

"इथं पंप साफ झाला," बाई म्हणाल्या. "मी नाई धुतला. माह्या पऱ्हाटीनं धुतला." मग खाली वाकून त्यांनी मूठभर माती उचलली. "बुडाशी राहिलेल्या चमचाभर दवाईनं एवढं केलं. आपन तं इतकी सालं भरून भरून वतून राहिलो. माती कोनाच्यानं धुवसान? सांगा ना. कोन धुईन?"

मी खूप भाषणं ऐकली आहेत, नंतर स्वतः दिलीही आहेत. पण तसं एकही पुन्हा ऐकलं नाही. माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता लिहितानाही येऊन राहिला आहे. आम्ही तीन वर्षं जे दाखवायला धडपडत होतो, ते बाईंच्या चुकीनं एका फेरीत दाखवलं! त्या संध्याकाळी ऑटोची वाट पाहताना मला मागचा बाक दिसला. वावरात कोणी नव्हतं. त्यानं आपल्या अर्ध्यातली माती एका हातात घेतली, झेंडूच्या ओळीवरून हात लांब करून बाईंकडची दुसऱ्या हातात घेतली. पाय मात्र पलीकडे टाकला नाही. आणि आळीपाळीनं दोन्ही हात नाकाशी नेत बराच वेळ बसून राहिला.

बाईंची पऱ्हाटी सावरली, पण पहिल्या पात्या गळाल्या त्या गळाल्याच. थंडीत शेवटची वेचणी झाली आणि काट्याचा दिवस आला. कडुनिंबाखाली गर्दी मावत नव्हती. मागचा बाक बायकोसोबत आला होता, पायात नवे कोरे बूट. ते पाहून मला त्याचा रागच आला. वाटलं, जिंकायला सजून आला आहे मेला. त्याचा कापूस तोलला, मग बाईंचा. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर बाई काट्याकडे न पाहता लोकांकडे तोंड करून उभ्या होत्या. "मी नापास," त्यांनी वर्गातल्या आवाजात जाहीर केलं. मग गळ्यातली शिट्टी काढली आणि झेंडूच्या ओळीवरून त्याच्यापुढे धरली. "घे. वावर तुहं. बोल्ली होती, पाळतो."

त्यानं शिट्टी घेतली. उलटीपालटी करून पाहिली. "आता मी म्हनीन तसंच पिकन ना, बाई?"

"शर्तच होती."

"दोन्ही अर्धे?"

"दोन्ही."

"मंग दोन्ही अर्ध्यात तुमच्याच पद्धतीचं पिकन," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकत होता, एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. "पन मले थे येत नाई. कोनीतरी शिकवा लागन."

तो झेंडूची वाळलेली ओळ ओलांडून अलीकडे आला, बाईंच्या हातात शिट्टी परत ठेवली आणि रिकाम्या पोत्यांवर, सगळ्यांच्या पुढे, मांडी घालून बसला. "हजेरी घ्या ना, बाई."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग रामाकोना नाही, सौंसर नाही, पांढुर्णा नाही, सगळी गावं सोडून त्यांनी थेट शेवटून सुरुवात केली.

"मागचा बाक?"

"हजर, बाई."

बाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नजर पायांवर जाऊन थांबली आणि शिट्टी वाजली.

"मंग बूट घालून काऊन बसला बे माह्या वावरात? जा, धुऱ्यावर ठेवून ये. अन् मोजे बी."